लोकगीतांच्या वाटेने बेथोवनकडे

चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांसाठीचं पाश्चात्त्य अभिजात संगीत, फक्त जाणकारांसाठी असतं, हे मत मला अजिबात पटत नाही. डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा चमू ऐकाच. तिघे डॅनिश, चेलोवादक नॉर्वेजियन. २०१४ च्या 'वुड वर्क्स' या अल्बममध्ये त्यांनी नॉर्डिक लोकसंगीत, अगदी लग्नातल्या चालीसुद्धा, दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोवर बसवल्या. यासाठी आधीची काही तयारी लागत नाही!

पण म्हणून त्यांनी अवघड संगीत पातळ केलं नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं. त्यांच्या 'प्रिझम' मालिकेच्या पाचही अल्बममध्ये बाखचा एक फ्यूग (एकच मुख्य चाल, म्हणजे 'विषय', वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येत गुंफलेली रचना), बेथोवनचं उत्तरकाळातलं एक क्वार्टेट (चार वाद्यांसाठीची रचना) आणि नंतरच्या एखाद्या संगीतकाराची रचना शेजारी ठेवली आहे. नवख्यांनी दुसऱ्या अल्बमपासून सुरुवात करावी. त्यात श्निटके या विसाव्या शतकातल्या संगीतकाराने बेथोवनच्या 'ग्रोसे फ्यूग'मधला विषय सरळ उचललाय, आणि मूळ फ्यूगही तिथेच ऐकायला मिळतो.