चीक (बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध) थेंबभरच येतोय, बाळाला पुरेल का?

प्रश्न: बाळंतपणाला एक दिवस झालाय, बाळ सारखं रडतं. वरचं दूध सुरू करावं का?

उत्तर १: घाई नको. पहिल्या दिवशी एका वेळी ५-७ मिली पुरतं. चिकातली प्रतिपिंडं आतड्याचं जंतूंपासून रक्षण करतात. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा. वरचं दिलं की चोखणं कमी, मग दूधही कमी.

उत्तर २: पाजताना ओटीपोटात कळ येते ना? पाजताना सुटणाऱ्या ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं, रक्तस्राव घटतो. स्तनाग्र दुखत असेल तर बाळाची पकड चुकतेय. भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा.

उत्तर ३: पाचव्या दिवसापासून रोज किमान ६ लंगोट ओले व्हावेत. बाळ सुस्त असेल, कावीळ वाढली किंवा वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.