कचरा वेगळा केला नाही तर दंड: ही सक्ती पटते का?

उंटावरचा शहाणा: वेल्समध्ये एप्रिल २०२४ पासून दुकानं, कार्यालयं सगळ्यांना कागद, काच, धातू-प्लॅस्टिक वेगवेगळं देणं बंधनकारक आहे. इंग्लंडने ३१ मार्च २०२५ पासून दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या व्यवसायांना तसाच नियम लावला. माझ्या मते घरं असोत की धंदे, सक्ती हवीच. जनजागृतीने माणसं सुधारणार असती तर एव्हाना सुधारली असती. जुन्या ॲल्युमिनियमपासून धातू केला तर खनिजापासून करण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. असा डबा खरकट्यात फेकायची मुभा कशासाठी?

निवांत: वेगळा केलेला माल जातो कुठे, ते आधी विचारा. श्रीमंत देशांतले लोक वर्षानुवर्षं इमानेइतबारे वर्गीकरण करत होते आणि त्यातला बराच माल जहाजांतून चीनला जात होता. २०१८ मध्ये चीनने दार लावलं, तेव्हा अनेक ठिकाणी तोच निवडलेला माल जाळला नाहीतर पुरला गेला. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते मी कुठल्या डब्यात टाकू? पाकीट बनवणारा मोकळा आणि दंड मला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

उंटावरचा शहाणा: बनवणाऱ्यालाही धरा की, कोण नको म्हणतंय? जर्मनीने १९९१ मध्येच वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण घरातूनच सगळं एकत्र कोंबून आलं तर उत्पादकाने पैसे भरूनही हाती लगदाच येणार. कागदाला तेल लागलं की तो कागद गेला.

गच्चीवरची: सक्ती म्हणजे दंडच, असं तुम्ही दोघांनी धरून टाकलंय. दक्षिण कोरियात १९९५ पासून उरलेला कचरा विकतच्या ठरावीक पिशवीतूनच टाकावा लागतो, वेगळा काढलेला सुका माल मात्र फुकट नेतात. आळस महाग पडतो, एवढंच. घरोघरचे डबे उचकटून बघण्यापेक्षा हे बरं.

निवांत: मग पिशवी वाचवायला लोक रात्री दुसऱ्याच्या दारात टाकतील. आणि मोठ्या कंपनीला तो खर्च म्हणजे चिल्लर. एका खोलीत पाचजण राहतात त्यांनी चार डबे ठेवायचे कुठे?

गच्चीवरची: चोरून टाकणाऱ्यांना दंड तिथेही आहे. जागेचं मात्र पटलं. इमारतीखाली सामायिक डबे ठेवावे लागतील.

उंटावरचा शहाणा: सामायिक डबा म्हणजे बारभाईचा कारभार. एकाने डायपर टाकला की सगळा माल बाद, आणि टाकला कोणी ते कुणालाच माहीत नाही.

निवांत: म्हणूनच म्हणतो, आधी ठेकेदारावर सक्ती करा. वेगळा दिलेला कचरा त्याने एकाच गाडीत ओतला, तर मी डबे कशाला निवडत बसू?

उंटावरचा शहाणा: ठेकेदाराच्या दंडाला माझा पाठिंबा, अगदी दुप्पट लावा. पण "आधी तो, मग मी" हे मान्य नाही. दोघांनाही एकाच तारखेपासून लावा.