१४ नंबरच्या गाडीखालचा डाग

सेक्रेटरी, ए-१०१ (मंगळवार, रात्री ८:४०)
नमस्कार. वॉचमनने आत्ता खाली बोलावून दाखवलं, स्टिल्टमध्ये १४ नंबरच्या गाडीखाली ओला डाग आहे. गेल्या आठवड्यातही होता, पण पावसाचं पाणी समजून त्याने पुसून टाकला. फोटो टाकतोय. ए-४०३, गाडी तुमची ना?

ए-४०३
हो, माझीच. एसीचं पाणी असेल. ठाण्याहून येताना दीड तास एसी चालू होता. काळजी नसावी. मे महिन्यात सर्व्हिसिंग झालंय आणि शुक्रवारी रात्री गणपतीला गुहागरला निघतोय.

काका, बी-२०४
फोटोत गुलाबी झाक दिसतेय मला. एसीचं पाणी रंगहीन असतं, त्याला वास नसतो आणि ते बहुधा डाव्या पुढच्या सीटच्या खाली गळतं. मुंबईच्या दमट हवेत ते भरपूर गळतं, त्यात काही बिघाड नाही. हा डाग मात्र पुढच्या बंपरच्या मागे आहे. खाली जाऊन बोट लावून बघ. बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे. बघून झालं की हात साबणाने धू.

ए-४०३
जाऊन आलो काका. थोडं चिकट आहे. वास कळला नाही, खाली सगळा ओलाव्याचाच वास येतो.

काका, बी-२०४
ठीक. आज रात्री एक काम कर. नवीन फ्रिजचा वगैरे मोठा पुठ्ठा असेल तर तो गाडीखाली सरकवून ठेव. सकाळी थेंब कुठे पडलेत आणि कोणत्या रंगाचे आहेत ते स्वच्छ दिसेल. काळपट तेलकट असेल तर इंजिन ऑइल. हिरवं, गुलाबी, नारिंगी असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर तेलकट दिसलं तर ब्रेक ऑइल, मग गाडी जागची हलवायचीच नाही.

आणि सेक्रेटरीसाहेब, तो डाग आत्ताच भरपूर पाण्याने धुऊन घ्या. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. आपली मांजरं तिथेच झोपतात.

सेक्रेटरी, ए-१०१
वॉचमनला सांगितलं, बादली घेऊन गेलाय.

बी-७०२
काका, हल्ली गाडीत सगळ्याला सेन्सर असतात. काही झालं तर डॅशबोर्डवर लाइट लागतेच की. एवढं वाकून बघायची गरज आहे का?

काका, बी-२०४
आहे. मी बेस्टच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन ऑइलची लाल लाइट तेल कमी झाल्यावर लागत नाही, तेलाचा दाब पडल्यावर लागते. म्हणजे ती दिसेपर्यंत इंजिन कोरडं घासायला लागलेलं असतं. तापमानाचंही तसंच. कित्येक छोट्या गाड्यांत आता काटाच नाही, नुसती निळी आणि लाल लाइट. त्यातून कूलंट फारच कमी झालं की सेन्सर हवेत उघडा पडतो. त्याला गरम पाणी लागतच नाही, मग तो इशारा उशिरा देतो नाहीतर देतच नाही.

गुहागरचा रस्ता डोळ्यासमोर आण. माणगावला गणपतीत गाडी तास तास मुंगीच्या पावलाने जाते. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर गार करतो. उभ्या गाडीत सगळा भार एकट्या पंख्यावर, वर एसी फुल, आत पाच माणसं, डिकी भरलेली. तिथे कूलंट कमी असलेली गाडी तापणारच. कशेडीला बोगदा झाला तरी भोस्ते घाट आहे, परशुराम घाट आहे.

माझ्या मेहुण्याची गाडी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अशीच तापली होती. त्याने घाईने रेडिएटरचं झाकण उघडलं. आत उकळतं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून कोपरापर्यंत हात भाजला. मग बाटलीतलं गार पाणी ओतून तशीच पुढे नेली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागामधलं सील गेलं, तो वरचा भाग (हेड) वाकला, इंजिन उघडावं लागलं. सुरुवात कशाने झाली होती माहीत आहे? एका होज पाइपच्या ढिल्या क्लिपने. महिनाभर अंगणात थेंब पडत होते आणि सगळे त्यावरून चालत होते. मीही त्यातलाच. ते मला आजही लागतं.

बी-७०२
बरोबर आहे काका. सेन्सर हवेत राहतो हे माहीत नव्हतं.

ताई, बी-५०२
काका, माझ्या गाडीचे ब्रेक सकाळी किंचाळतात, गेटपर्यंत गेल्यावर थांबतात. मागच्या वर्षी एका सर्व्हिस सेंटरमध्ये हेच सांगितलं तर ब्रेक पॅड संपलेत म्हणून चारी चाकांचे बदलले. जुने दाखवा म्हटलं तर टाकून दिले म्हणाले.

काका, बी-२०४
पावसाळ्यात रात्रभर ब्रेकच्या डिस्कवर (पॅड जिला दाबतात ती चकती) गंजाचा पातळ थर धरतो, तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. तुझं ते असावं. दिवसभर बारीक शीळ वाजत राहिली तर मात्र पॅड तपासायचे. पॅडला एक लोखंडी पत्ती असते, पॅड झिजले की ती मुद्दाम डिस्कला घासते. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो, ३ वर आला की बदलायचा. आणि खरवडल्यासारखा खर्रखर्र आवाज आला तर लोखंडावर लोखंड लागलंय, त्याच दिवशी गाडी न्यायची.

यापुढे काम सांगतानाच म्हणायचं, जुने पार्ट मला डिकीत ठेवून हवेत. गाडी तुझी, पार्ट तुझे. त्यात संकोच कसला?

ब्रेक ऑइल कधी बदललंय? ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर २ वर्षांनी बदलायचं. पाणी शिरलेलं ऑइल घाट उतरताना उकळतं, वाफ धरते आणि पेडल एकदम मऊ पडून खाली जातं. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, सगळं ब्रेकवर सोडायचं नाही.

सी-३०१
आमच्या गाडीची वायर उंदराने दुसऱ्यांदा कुरतडली. चेक इंजिनची लाइट लागली म्हणून कळलं.

काका, बी-२०४
गाडी आठवडा आठवडा उभी असते तुमची. तीन-चार दिवसांनी बोनेट उघडून बघत जा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पावडर दिसली तर साफ करून घ्या. सेल्फ मारताना आवाज ओढल्यासारखा यायला लागला की बॅटरी थकलीय असं समजायचं.

ए-४०३ (बुधवार, सकाळी ७:०५)
काका, पुठ्ठ्याचा फोटो बघा. तळहाताएवढा गुलाबी डाग. कूलंटची बाटलीही बघितली, मिनच्या रेघेच्या खाली गेलंय. मे मध्ये मॅक्सपर्यंत भरलेलं होतं, बिलावर लिहिलंय.

काका, बी-२०४
इंजिन गार असतानाच बघितलंस ना? छान. आता वरून भरून पुढे जायचं नाही, गळती शोधायची. आणि नळाचं पाणी अजिबात नको, आत क्षार धरतात. ऑइलची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टीही काढून बघ. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर कूलंट आत शिरतंय.

ए-४०३
तेल नेहमीसारखंच आहे, काळपट. पातळी दोन खुणांच्या मध्ये. मेकॅनिकला फोन केला, १० वाजता इथेच येतोय.

ए-४०३ (बुधवार, दुपारी १२:३०)
कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचं सील गेलंय. पुलीच्या खाली वाळलेल्या कूलंटचे गुलाबी ओघळ होते, मेकॅनिकने दाखवले. पंप नवीन टाकतोय, गाडी उद्या संध्याकाळी मिळेल. तो म्हणाला, घाटात पंप बंद पडला असता तर टोइंगशिवाय इलाज नव्हता. काका, आई तुम्हाला फोन करणार आहे. वॉचमनदादांचेही आभार, त्यांच्या नजरेला पडलं म्हणून.

काका, बी-२०४
बरं झालं. जुना पंप मागून घे. गाडी आली की अर्धा तास एसी लावून चालव आणि रात्री परत पुठ्ठा टाक.

शुक्रवारी सकाळी ८ ला खाली ये, टायर बघू. गाडी त्याआधी बाहेर काढू नको, हवा गार टायरमध्येच मोजायची असते. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो तो घ्यायचा. स्टेपनीसुद्धा काढायची.

ताई, बी-५०२
मी पण येऊ का काका? आम्ही शनिवारी पहाटे सावंतवाडीला निघतोय. माझे टायर कडेला झिजल्यासारखे वाटतात.

काका, बी-२०४
ये. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिलीय, एकच असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा बिघडलीय. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. टायर त्यांच्या बरोबरीला आला असेल तर ओल्या रस्त्यावर धरणार नाही. मग शुक्रवारीच नवीन टाकून घे. टायरवरचा चार आकडी नंबरही बघून ठेव, पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

ताई, बी-५०२
आत्ताच बघितलं. ३४१८.

काका, बी-२०४
म्हणजे २०१८ चा ३४ वा आठवडा. टायर फार जुना झालाय. शुक्रवारपर्यंत थांबू नको. आज संध्याकाळी मी येतो तुझ्याबरोबर टायरवाल्याकडे.