मदत हवी आहे: लेकीसाठी पहिला ड्रम सेट

नमस्कार मंडळी, आम्ही भुसावळचे. लेक १३ वर्षांची. आठ महिने रबरी पॅडवर, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून रोज पॅराडिडल हा काठ्यांचा सराव घोटते: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. पॅडच्या मधोमध गुळगुळीत काळा डाग पडलाय. आता तिला खरा सेट द्यावा असं फार वाटतं.

घर दुसऱ्या मजल्यावर, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. म्हणून जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट बरा वाटतो. हेडफोन लावला की झालं. पण पायाने वाजवायच्या किक पेडलची धपधप फरशीतून खाली जातेच ना? खाली आजारी आजी आहेत. जाड रबरी मॅट पुरते का?

जळगावात एक जुना अकूस्टिक (साधा, विजेशिवायचा) सेटही पाहिला. स्नेअरच्या (छोट्या ड्रमच्या) खालच्या तारा सैल, हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या जोडझांजेच्या) कडेला बोटभर चीर. तारा बदलता येतील, पण चिरलेली झांज घ्यावी का? वापरलेल्यांनी कृपया सांगा.