मदत हवी आहे: लेव्हल ५ ची मंक, की पॉइंट पाचच, आणि तिला क्लास बदलायचा नाही

नमस्कार मंडळी,

नागपुरात त्रिमूर्ती नगरला आमच्या घरी दर रविवारी दुपारी दोन ते पाच डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे कागदावरची पात्रं घेऊन फासे टाकत खेळायची गोष्ट, चालतं. पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. डीएम (गोष्ट आणि शत्रू चालवणारा) मी, खेळाडू पाच. पाचच्या ठोक्याला थांबावंच लागतं, कारण आमचा विझार्ड (जादूगाराचं पात्र खेळणारा) वर्ध्याहून येतो आणि त्याला परतीची गाडी गाठायची असते. वेळेचं मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचं काम आहे.

मंक, म्हणजे 'की' नावाचे पॉइंट खर्चून खास डावपेच करणारं लढवय्याचं पात्र, खेळते ती माझी मामेबहीण. कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला जाते, म्हणून तिला रिकाम्या हातानं लढणारं कॅरेक्टरच हवं होतं. हा क्लास (पात्राचा प्रकार) कमजोर मानला जातो हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "चालते दादा, मी हिलाच खेळीन." डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, विस्डम १४, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १२, म्हणजे एसी (वार लागायला शत्रूनं गाठायचा आकडा) १६ आणि हिट पॉइंट (जीव) ३३. शेजारी फायटर बसतो, त्याचे ४९, अंगात पूर्ण चिलखत, आणि मोठ्या तलवारीला दर वारामागे दहा जास्तीचं नुकसान देणारं फीट (खास कौशल्य).

मागच्या रविवारी काय झालं ते सांगतो. नकाशा रामटेकवर बेतलेला, खाली तळं, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांच्या तोंडाशी एक ओगर (धिप्पाड राक्षस) आणि मागे चारपाच गोब्लिन. ती सगळ्यांत आधी धावली. पहिल्या टर्नला फ्लरीवर (जास्तीचे ठोसे) एक की गेला, स्टनिंग स्ट्राइकवर (शत्रूला सुन्न करणारा वार) दोन. ओगर दोन्ही वेळा वाचला. दुसऱ्या टर्नला पुन्हा फ्लरी, पुन्हा स्टन, तो पुन्हा वाचला. पाचही संपले. ओगरच्या सोट्याचे दोन तडाखे बसले आणि तिच्याकडे सात हिट पॉइंट उरले. मग विझार्डनं फायरबॉल टाकला, फायटरनं उरलेलं काम केलं.

तिच्या शीटवर की पॉइंटसाठी पेन्सिलीनं काढलेली पाच वर्तुळं आहेत. दर वेळी खोडून खोडून शेवटच्या वर्तुळाजवळ कागद झिरझिरीत झालाय, उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं. तिनं पाचवं वर्तुळ काळं केलं, पेन्सिल शीटवर आडवी ठेवली आणि म्हणाली, "माझं झालं दादा. आता तुम्हीच खेळा." त्यानंतर तासभर लढाई चालली. तिची पाळी आली की ती फासा टाकायची, आकडा सांगायची, बस. मैदानावर मी तिला पाहिलंय. तीन बचावपटूंच्या मधून अंग काढून ती मध्यरेषा गाठते. आमच्या टेबलावर ती मुलगी अशी गप्प बसते हे मला फार लागलं.

रात्री मी वही काढून गेल्या सहा रविवारांचा हिशोब केला. चार वेळा एकच मोठी लढाई, आणि दर वेळी पाच वाजले म्हणून शेवट 'तुम्ही झोपता' असा. डीएमच्या मार्गदर्शक पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासभराची विश्रांती, त्यात की परत भरतात) धरलेत. तेवढ्यानं तिला दिवसाला १५ की मिळायला हवेत. आमच्याकडे मिळतात पाच. विझार्डला मात्र आपली सगळी मोठी मंत्रं एकाच लढाईत ओतता येतात आणि पुढच्या रविवारी तो परत भरलेला. म्हणजे क्लास आधीच हलका, त्यात मी त्याची उपासमार करून राहिलो होतो.

माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, फक्त तिला २०२४ च्या नव्या पुस्तकातला मंक द्यायचा. त्यात डिसएंगेजला (वार न खाता मागे सरकायला) पॉइंट लागत नाही, हाताचा फासा मोठा आहे, आणि लढाई सुरू होताना दिवसातून एकदा सगळे पॉइंट परत मिळतात. पण बाकी चौघं जुन्यावर, ते बरोबर दिसेल का? दोन, की परत मिळवून देणारा ड्रॅगनच्या कातड्याचा पट्टा द्यायचा, २०२१ च्या ड्रॅगनवाल्या पुस्तकातला. पण बहिणीला फुकट दिलं असं कुणाला वाटायला नको, आणि तिलाही तसं नको असेल. तीन, लढायाच बदलायच्या. कशा, ते सुचत नाहीये.

कृपया 'क्लास बदलायला सांगा' हा सल्ला नको.

प्रतिसाद १

पट्टा, नवं पुस्तक सगळं नंतर. आधी एक करा: रविवार संपला म्हणून त्यांचा दिवस संपू देऊ नका. खेळ पाचला थांबतो, पण गोष्टीतला सूर्य तुमच्या हातात आहे. तीन रविवार मिळून त्यांचा एक दिवस. विझार्डचे स्लॉट (मंत्र टाकायचा साठा) पुढच्या रविवारी जसेच्या तसे रिकामे राहतील, मंकचे की मात्र प्रत्येक शॉर्ट रेस्टला भरतील. तासभराची विश्रांती कथेत बसत नसेल तर ती दहा मिनिटांची करा. विझार्डला हे आधी सांगा, ऐन लढाईत कळलं तर चिडेल आणि ते रास्तच आहे.

दुसरं, तिनं स्टन चुकीच्या माणसावर घालवला. तिचा डीसी (वाचायला शत्रूनं फाशावर गाठायचा आकडा) १३. ओगरची कॉन्स्टिट्यूशन अधिक तीन, तो शंभरातून पंचावन्न वेळा वाचणार. तोच वार मागे उभ्या जादूगारावर केला तर तो चाळीस वेळाच वाचतो. ती एका टर्नला ४० फूट धावते, तेवढं तुमच्यात दुसरं कोण धावतं? मागे कुणीतरी मंत्र म्हणणारा ठेवा आणि त्याच्यापर्यंत पायी पोचायला वाट ठेवा.

आणि गोब्लिनना धनुष्यं द्या. डिफ्लेक्ट मिसाइल्समध्ये (येणारा बाण हातानं अडवणं) नुकसानातले कमीत कमी १० कमी होतात, गोब्लिनच्या साध्या बाणाचे जास्तीत जास्त ८. राउंडला एक बाण ती हातानं झेलणार, आणि एक की टाकून परत फेकणार. हे टेबलावर एकदा होऊ द्या.

प्रतिसाद २

कबड्डीवाली आहे ना? मग चौथ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी वाढवली ती परत घेऊन मोबाइल फीट घेऊ द्या. एसी एकानं उतरेल, पण वेग ५० फूट होईल आणि जिला मारलं त्या व्यक्तीकडून पाठीवर वार नाही. शिवून परत. तिला हे शिकवावं लागणार नाही. एकाच जागी उभं राहून ओगरशी मारामारी हे फायटरचं काम आहे, चढाई करणारी तिथं पकडलीच जाणार.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. विझार्डशी बोललो. आधी नाराज झाला, मग विचार करून म्हणाला, "बरं, पण एक स्क्रोल तरी सापडू दे." (स्क्रोल म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी.) कबूल केलं. मोबाइल फीटचं बहिणीला फोनवर सांगितलं, तर तिनं दोनदा विचारलं, "म्हणजे शिवून आली की मागून कोणी धरू शकत नाही?"

तिनं रात्री शीट नव्या कागदावर उतरवली आणि फोटो पाठवला. वर्तुळं पाच, खाली लहान अक्षरांत 'शॉर्ट रेस्ट' आणि त्यापुढे दोन रिकामे चौकोन.

आता एकच अडलंय. येत्या रविवारी पायऱ्यांच्या वर, देवळाच्या ओवरीत एक मंत्र म्हणणारा बसवतोय. पायऱ्यांवर धनुर्धारी. तिला बाजूनं वर जायला भिंतीलगत अरुंद कठडा ठेवला, तर तो नकाशावर आधीच दाखवू की तिनं विचारल्यावर?