मदत हवी आहे: लेकीला शाळेत लोईस ब्वासोंवर बोलायचंय, रँकिंगचा गुंता कुणी सोडवून देईल का?

ठाणेकर_आई

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे. शाळेत 'मला आवडणारा खेळाडू' या विषयावर पाच मिनिटं बोलायचंय. निम्मा वर्ग विराट आणि बुमरा घेणार, उरलेले अल्काराझ. हिने निवडलीये फ्रान्सची लोईस ब्वासों. फ्रेंच ओपन बघताना ती जी मनात भरली, ती भरलीच. स्वतः टेनिस शिकते, त्यामुळे माझं काही ऐकायच्या मनःस्थितीत नाही. मला स्कोअर कळतो, त्यापलीकडे फारसं नाही.

दोघींनी मिळून जमवलेली माहिती अशी. जन्म १६ मे २००३, गाव दिजों. वडील बास्केटबॉल खेळायचे. मे २०२४ मध्ये सेंट मालोची स्पर्धा जिंकली, त्या वर्षीच्या फ्रेंच ओपनचं वाइल्ड कार्ड (रँकिंग पुरेसं नसतानाही आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश) मिळालं आणि स्पर्धेच्या तोंडावर डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. २०२५ मध्ये पुन्हा वाइल्ड कार्ड. जागतिक क्रमांक ३६१, पहिलीच ग्रँड स्लॅम, आणि थेट उपांत्य फेरी! जुलैत हॅम्बर्गला पहिलं डब्ल्यूटीए (महिला टेनिसची जागतिक संघटना) विजेतेपद.

गाडी अडलीये ती इथे. ३६१ व्या नंबरची मुलगी मुख्य ड्रॉमध्ये (मुख्य स्पर्धेच्या यादीत) येते, हे वाइल्ड कार्ड म्हणजे वशिला आहे का? दुसरं, पॅरिसनंतर ती ६५ वर पोचली, तरी त्याच महिन्यात विम्बल्डनला पात्रता फेरी कशी काय खेळावी लागली? वर्गातल्या बाई टेनिसवेड्या आहेत, हा प्रश्न त्या विचारणारच. आणि तिसरं, माझे सासरे म्हणतात, "ड्रॉ सोपा पडला असेल, नशीब!" नातीचा चेहरा पडलाय. त्यांना काय सांगू?

बेसलाइनवाला

ताई, लेकीची निवड एक नंबर. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे.

ग्रँड स्लॅमची प्रवेशयादी मुख्य स्पर्धेच्या साधारण सहा आठवडे आधीच्या रँकिंगवरून ठरते. २०२५ चं विम्बल्डन ३० जूनला सुरू झालं, म्हणजे यादी मेच्या मध्यावरच्या क्रमवारीवर लागली. तेव्हा फ्रेंच ओपनचा पहिला चेंडूही पडला नव्हता. जूनमध्ये ती ६५ वर आली, पण यादी आधीच बंद झाली होती. अकरावीच्या प्रवेशात फेरतपासणीचे मार्क यादी लागल्यावर आले तर काय होतं, तेच. बाईंना हे एका वाक्यात पटेल.

महिलांच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ जणी असतात. १०४ थेट रँकिंगवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डवर. ही आठ कार्डं कुणाला द्यायची ते आयोजक ठरवतात. पॅरिसला फ्रेंच महासंघ बहुतेक फ्रेंच मुलींना देतो, विम्बल्डनला ऑल इंग्लंड क्लब बहुतेक ब्रिटिशांना. त्यामुळे पॅरिसची उपांत्य फेरी खेळून आलेल्या मुलीला विम्बल्डनने कार्ड दिलं नाही. पात्रतेच्या पहिल्याच सामन्यात कॅनडाच्या कार्सन ब्रॅन्स्टाइनने तिला तीन सेटमध्ये हरवलं आणि तिचं विम्बल्डन मुख्य मैदानावर पाऊल न ठेवता संपलं. मला विचाराल तर क्लबने हात आखडता घेतला. पण नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नाही.

आता वशिल्याचं. रँकिंग म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांची बेरीज. जुन्या स्पर्धेला वर्ष झालं की तिचे गुण गळतात. दुखापतीआधी ती दीडशेच्या आसपास होती. मग खेळच बंद. नवे गुण नाहीत आणि जुने आठवड्या-आठवड्याला गळतायत. सेंट मालोचे गुण २०२५ च्या फ्रेंच ओपनआधी गळले आणि क्रमांक ३६१ उरला. त्या आकड्यात तिची कित्येक महिन्यांची गैरहजेरी दिसते, फोरहँड दिसत नाही. महासंघाने आदल्या वर्षी दिलेलं आणि वापरताच न आलेलं कार्ड परत दिलं, इतकंच. यात वशिला कुठे आला?

खवचट_आजोबा

तुमच्या सासऱ्यांची बाजू मी घेतो, कुणीतरी घ्यायला हवी. दुसऱ्या फेरीत कालिनिना, तिसऱ्या फेरीत फ्रान्सचीच जाकमो. दोघी बिनमानांकित. जाकमोविरुद्ध मधला सेट ०-६ गेला होता. उपांत्य फेरीत गॉफने ६-१, ६-२ असा तासाभरात निकाल लावला. भाषणात हे गाळू नका. मुलं लगेच गूगल करतात.

बेसलाइनवाला

आजोबा, गाळायचं नाहीच. पण मग बाकीचंही सांगा की! पहिल्या फेरीत २४ वी मानांकित मर्टेन्स, चौथीत ३ री मानांकित पेगुला, उपांत्यपूर्वमध्ये ६ वी मानांकित आंद्रेयेव्हा. सोपा ड्रॉ असा असतो होय?

पेगुलाचा सामना मी पूर्ण बघितला. पहिला सेट ३-६ गेला. पेगुला सपाट आणि वेळेआधी चेंडू घेते, समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. ब्वासोंनी काय केलं, तर फोरहँडला भरपूर टॉपस्पिन (चेंडू पुढच्या दिशेने गरगरवणारी फिरकी) देऊन चेंडू खांद्याच्या वर उडवत ठेवला. लाल मातीवर तो असा काही उसळतो की सपाट मारणाऱ्याला तो हवा तिथे मिळतच नाही. पेगुला मागे सरकली की ही अलगद ड्रॉप शॉट (जाळ्याच्या अगदी जवळ पडणारा हळू फटका) टाकायची. पुढचे दोन्ही सेट ६-४, ६-४. लेकीला सांगा, एकाच रॅलीचं वर्णन करायचं असेल तर असं एक उंच फोरहँड आणि पाठोपाठ ड्रॉप शॉट एवढंच सांग. हातात रॅकेट घेऊन दाखवलंस तर उत्तमच.

आंद्रेयेव्हाविरुद्ध पहिला सेट टायब्रेकवर (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) जिंकला, दुसऱ्यात ०-३ मागे पडली आणि तिथून सलग सहा गेम जिंकले. फिलिप शात्रिए या पॅरिसच्या मुख्य कोर्टवर प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतलं होतं. आंद्रेयेव्हा अठरा वर्षांची, तिची चिडचिड स्पष्ट दिसत होती. घरच्या गर्दीचा फायदा झाला का? झालाच. पण पोतंभर फ्रेंच खेळाडूंचं त्याच गर्दीच्या दडपणाखाली वर्षानुवर्षं पाणी पाणी झालंय. त्यांच्या महिलांमध्ये याआधी तिथे उपांत्य फेरी गाठली होती मारियों बार्तोलीने, २०११ मध्ये. शेवटचं विजेतेपद मेरी पिअर्सचं, २००० सालचं. फ्रेंच माणूस दर जूनमध्ये आशेने बसतो आणि हात हलवत घरी जातो, हे माहीत असेल तर त्या दिवशीचा आरडाओरडा समजेल.

आणि आजोबा, पहिल्याच ग्रँड स्लॅममध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्यांत तिच्याआधीची नावं बघा: मोनिका सेलेस १९८९, जेनिफर कॅप्रियाती १९९०. दोघीही पॅरिसलाच.

खवचट_आजोबा

बरं बाबा. सेलेस म्हटल्यावर मी गप्प.

गुडघेदुखी_डॉट_कोल्हापूर

मी फिजिओ आहे, म्हणून गुडघ्याबद्दल दोन ओळी. तिचा एसीएल फाटला होता. हा गुडघ्याच्या आतला लिगामेंट नडगीचं हाड पुढे घसरू देत नाही आणि वळताना गुडघा सांभाळतो. टेनिसमध्ये नेमकं तेच सारखं होतं: धावत जा, पाय रोव, वळ. मातीवर तर खेळाडू घसरत जाऊन फटका मारतात. ऑपरेशननंतर पूर्ण ताकदीने खेळात परतायला साधारण नऊ महिने धरतो, कधी जास्त. मांडीचे स्नायू वाळतात, ते परत आणणं सगळ्यात कंटाळवाणं काम. त्याहून अवघड म्हणजे त्या पायावर पुन्हा विश्वास टाकणं. पेशंट बरा झालेला असतो आणि तरी वळताना अर्धा सेकंद थबकतो. ब्वासों २०२५ च्या सुरुवातीला परतली आणि मेअखेर पाठोपाठ तीन-तीन सेट खेळत होती. माझ्या दृष्टीने उपांत्य फेरीपेक्षा ही बातमी मोठी.

लेक स्वतः खेळते म्हणता, तर तिला उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देण्याचे व्यायाम कोचना विचारायला सांगा. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

फिल्सचा_पंखा

भाषण बदलायचं असेल तर फ्रान्सचाच आर्थर फिल्स घ्या. जन्म २००४, अठराव्या वर्षी लियोंची स्पर्धा जिंकली, २०२४ मध्ये हॅम्बर्गच्या अंतिम सामन्यात झ्वेरेवला त्याच्याच गावात हरवलं, मग टोकियो. २०२५ मध्ये पॅरिसला मुनारविरुद्ध पाच सेट खेळून जिंकला आणि पाठीच्या दुखण्याने तिसऱ्या फेरीआधी माघार घ्यावी लागली.

ठाणेकर_आई

फिल्सचं लेकीला वाचून दाखवलं. "मुलगा नकोय" एवढंच उत्तर आलं. :)

बाकी सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः प्रवेशयादीचं. ते सासऱ्यांनाही पटलं, कारण धाकट्या नातवाचा प्रवेश असाच अडकला होता. आता शेवटचा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये रुआँच्या स्पर्धेत समोरच्या खेळाडूने पंचांकडे "हिला डिओ मारायला सांगा" असं म्हटल्याचं सापडलं. हे भाषणात घ्यावं का? वर्गात खिदळतील आणि बाकीचं कुणी ऐकणार नाही, अशी भीती वाटते.

चहाबाज

घ्याच. नववीच्या वर्गाला जागं ठेवायला याहून चांगलं काय मिळणार? ब्वासोंनी तो सामना ६-०, ६-३ जिंकला आणि नंतर आपल्याच फोटोत हातात एका डिओची बाटली चिकटवून त्या कंपनीला "एकत्र काम करू या का" असं जाहीर विचारलं. समोरचीने माफीही मागितली. भांडण नाही, रडगाणं नाही.

बेसलाइनवाला

घ्या, पण सुरुवातीला नको. मधोमध टाका, गुडघा आणि पॅरिस यांच्यामध्ये, काळाच्या क्रमानेही तिथेच बसतं. त्या खेळाडूचं नाव घ्यायची गरज नाही, एक वाईट दिवस कुणाचाही असतो. सुरुवात ३६१ या आकड्याने करा. फळ्यावर नुसता आकडा लिहायचा आणि थांबायचं. शेवट हॅम्बर्गवर: अंतिम सामन्यात अ‍ॅना बोंडारवर ७-५, ६-३, आणि क्रमांक पहिल्या पन्नासात. अमेरिकन ओपनला तर कार्डाची भीक नाहीच, पॅरिसनंतरच्या क्रमवारीवर थेट मुख्य ड्रॉ.

बक्षिसाची रक्कम कुणी विचारलीच तर पॅरिसच्या उपांत्य फेरीचे ६ लाख ९० हजार युरो होते. कर कापायच्या आधी. कोच, फिजिओ, विमानप्रवास सगळं यातूनच जातं, हे सासऱ्यांना वेगळं सांगा.