हाड झिजलं म्हणजे इम्प्लांट काढायचाच का?
हनुवटीला उठाव यावा म्हणून हाडावर जो इम्प्लांट बसवतात, त्याच्याखालचं हाड झिजलं की तो काढावाच लागतो, असं कोणीतरी ठासून लिहिलंय. तसं सरसकट नसतं. अशी झीज रॉबिन्सन आणि शुकेन या संशोधकांनी १९६९ सालीच नोंदवली होती. पण बहुतेकांत ती एक-दोन मिलिमीटरांवर थांबते, बाहेरून कळतही नाही.

खरी मेख जागेची. खालच्या कडेच्या टणक हाडावर बसवला तर सहसा निभावतं. वर सरकला, की पातळ हाडावर येतो आणि ओठाखालचा स्नायू त्याला सतत आत दाबत राहतो. मग हाडात पडलेला खड्डा पुढच्या दातांच्या मुळांपर्यंतही जाऊ शकतो. दात ठणकत किंवा हलत असतील तर बाजूने एक्स-रे काढा, जुन्या फिल्मशी ताडून बघा. सेल्फीत काय दिसणार, कप्पाळ!